मेंबरची चिठ्ठी, गळका स्लॅब आणि पोरांची नोकरी: तुमच्याकडचे अनुभव सांगा

पूर्वभागातली
परवा गल्लीत नवे मेंबर, म्हणजे नगरसेवक, आभार मानायला आले. सोलापूर महापालिकेची मार्च 2022 ला मुदत संपली ती थेट जानेवारी 2026 ला मतदान, मधे सगळा प्रशासकाचा कारभार. माझ्या लेकानं विचारलं, "आई, मेंबर म्हणजे कोण?" मला हसू आलं आणि आमचे जुने मेंबर आठवले.

आईच्या नोकरीमुळं आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. वडलांची मिल नुकतीच बंद पडलेली. पावसाळ्यात स्वयंपाकघरातला स्लॅब गळायचा. अर्ज देऊन झाले, ऑफिसातून उत्तर एकच, निधी नाही. मेंबर एक दिवस लुनावरून आले, केरसुणीच्या दांड्यानं छत ठोकत फिरले. जिथं बद्द आवाज आला तिथं खडूनं गोल केला. पुढच्या पावसात ओव्हरसियरला घेऊन आले आणि त्याला बरोब्बर त्या गोलाखाली खुर्ची दिली. आईला म्हणाले, "अक्का, साहेबांना चहा करा, निवांत." चहा संपेपर्यंत साहेबांचा खांदा भिजला. एस्टिमेट त्याच आठवड्यात झालं.

भावाचं वेगळंच. आयटीआय टर्नर होऊन घरीच बसलेला. वडील चिठ्ठी मागायला गेले तर मेंबर म्हणाले, चिठ्ठ्या मी रोज देतो, त्यानं काय होतंय. पोराला लुनावर मागं बसवलं आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत दारोदार फिरवलं. एका ठिकाणी लागला. पगार कमीच होता, पण हाताला लेथ मिळाली, त्यावर नंतर चाकणला गेला.

तुमचे मेंबर कसे होते? शिव्या द्यायच्या असतील तर नाव न घेता द्या 🙏

कडकभाकरी
लुनावर दोघं?? लुना चढावर उतरून ढकलावी लागायची बे 😂

पूर्वभागातली
ढकलली असणार. भाऊ ते सांगत नाही.

विजापूररोडकर
आमच्या मेंबरकडं सही मारलेले कोरे लेटरपॅड गठ्ठ्यानं असायचे. पोरगा आला की कार्यकर्ता नाव टाकून द्यायचा, "सदर उमेदवार माझ्या चांगल्या परिचयाचा आहे." मेंबरनं मला जन्मात पाहिलं नव्हतं. कंपनीतल्या साहेबानं ते पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं, आत तसलीच वीस-पंचवीस होती.

टॉवेलवाला
बेकारी बेकारी म्हणता सगळे, माझ्या लूमवर माणूस मिळत नाही. कांडी भरायला पण पोरं येत नाहीत. मेंबरला म्हटलं पाठवा दहा पोरं, तर दोन आली, एक जेवायच्या सुट्टीत गेला तो गेलाच.

हुतात्माचा पासवाला
मालक, बारा तासांची पाळी, पीएफ नाही, हजेरीवर पैसे, कानात दिवसभर खडखडाट. त्यापेक्षा पुण्यात पार्सल टाकलेलं बरं. राग मानू नका.

टॉवेलवाला
राग नाही हो. सुताचा भाव बघा एकदा, मग बोलू.

अशोकचौक
पुण्यात कुणाची कॉट बेसिसवर खोली आहे का? हिंजवडी साईड. मेसेज करा

शिवणकाम
आमच्या वॉर्डात मुलींसाठी शिवण क्लास काढला होता. सोलापूरचे युनिफॉर्म सगळीकडं जातात, म्हणजे कल्पना चांगलीच होती. समाजमंदिरात मशिनी आल्या, हार घातले, फोटो झाले. शिकवणाऱ्या बाईंचं मानधन मात्र कुठल्याच कागदात धरलं नव्हतं. बाई किती दिवस फुकट येणार? नंतर त्या मशिनींवर लग्नाचे टोप ठेवायचे लोक. शेवटी मी आणि शेजारची, दोघी मेंबरच्या बायकोकडं गेलो (खरी मेंबर तीच होती, सीट महिला राखीव 😄). तिनं किल्ली आमच्या हातात दिली. तिथंच आम्ही गाऊन, परकर शिवायला लागलो. आता कारखान्यातून कटिंग केलेला माल घरी येतो, नगावर पैसे.

कडकभाकरी
खरी मेंबर तीच 👏 आमच्याकडं उलटं होतं, सीट बाईची आणि फोन कायम नवरा उचलायचा

अक्का७०
शिवणकाम बाळा, पिको फॉलचं किती घेतेस? साडी आहे इरकल

आयटीआय२०२४
मी सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून लागलो होतो. महिन्याला बारावीला 6 हजार, आयटीआय-डिप्लोमाला 8, पदवीला 10. आमच्या माजी मेंबरनी (तेव्हा माजीच होते, तरी ऑफिस चालू होतं) पोरांचे फॉर्म फुकट भरून दिले, बाहेर नेटकॅफेवाला पैसे घेत होता. सहा महिन्यांची मुदत पुढं 11 केली. काम काय? टपाल नोंदवणं आणि झेरॉक्स. मुदत संपल्यावर प्रमाणपत्र मिळालं. आता परत मेंबरच्या ऑफिसात बसतो, निदान पंखा आहे.

विजापूररोडकर
😔 भावा, वेल्डिंग असेल तर बोल, एक ओळखीचे आहेत.

आयटीआय२०२४
इलेक्ट्रिशियन आहे. पण पाठवा नंबर.

गच्चीवरचा
मी सिव्हिलवाला, निवृत्त. स्लॅबवर बोलतो. बहुतेक क्वार्टरला दुरुस्ती म्हणून खालून गिलावा मारतात आणि रंग देतात. पाणी वरून येतंय ते येतच राहतं, आत सळई गंजते, फुगते, आणि एक दिवस तो गिलावा खपली धरून ताटात पडतो. मेंबरचा निधी थोडा असतो आणि तो चार मेंबरांच्या मोठ्या प्रभागात वाटायचा, म्हणून सगळ्या खोल्यांना थोडं थोडं करून मतं राखतात. मी एका मेंबरला सांगून पाहिलं होतं, की या वर्षी एकाच इमारतीची गच्ची पूर्ण करा. जुना कोबा काढा, ढाळ नीट द्या, नव्यानं वॉटरप्रूफिंग. तो म्हणाला, "साहेब, बाकीच्या तीन इमारती मला उभं करतील का?" त्याचंही बरोबर होतं. तरी त्यानं एक केली. ती आजही कोरडी आहे, आणि तो पुढच्या वेळी पडला.

हुतात्माचा पासवाला
पडला 😂😂 गच्ची टिकली

कडकभाकरी
एवढं केल्यावर पडला? आमच्या गल्लीनं तर गणपतीच्या वर्गणीवर मतं दिलीत बे

कुंभारीकर
आमच्याकडं मेंबरचा संबंधच नाही, गाव हद्दीबाहेर. विडी कामगारांची 10 हजार घरं संघटनेनं लढून घेतली, 2006 ला चाव्या मिळाल्या. पण आता तीही जुनी झाली, दुरुस्ती ज्याची त्यानं. आई अजून सूप मांडीवर घेऊन विड्या वळते. मी बीकॉम, रोज सिटी बसनं शहरात येऊन दुकानात हिशोब लिहितो. घर स्वतःचं आहे म्हणून तेवढ्या पगारात भागतंय, भाडं असतं तर केव्हाच पुणं गाठलं असतं.

अक्का७०
आईला पाठदुखीला तिळाचं तेल सांग

लाडपागे
एक विचारायचं होतं. वडील सफाईत होते, मागच्या महिन्यात वारले. वारसा हक्काची फाइल टाकली आहे. नोकरी लागेपर्यंत क्वार्टर सोडा म्हणताहेत. मेंबरकडं जावं का?

पूर्वभागातली
वाईट झालं रे. जा, पण तोंडी बोलून येऊ नकोस. अर्ज दोन प्रतीत कर, एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का घे, त्याची झेरॉक्स मेंबरला दे. त्यात फाइलचा नंबर टाक.

गच्चीवरचा
युनियनवाल्यांनाही सोबत घे. मेंबर नवा आहे, त्याला लाड-पागे (सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी द्यायची समितीची शिफारस) माहीत असेलच असं नाही.

लाडपागे
बरं काका. सोमवारी जातो.

अशोकचौक
खोलीचं कुणी सांगितलं नाही अजून