दिवसा रंगीत, रात्री कृष्णधवल

उन्हाळी संगीत महोत्सवात फिल्म कॅमेऱ्याने फोटो काढायला आयएसओ ४००ची (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) एकच रंगीत फिल्म पुरेल, असे एक मत आहे. दिवसापुरते ते पटते, कारण कोडॅक पोर्ट्रा ४०० सारखी निगेटिव्ह फिल्म एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, प्रकाश सहज सोसते आणि कडक उन्हातही टोपीच्या सावलीतला चेहरा हाती लागतो. खरी अडचण दिवे लागल्यावर सुरू होते. काळ्या पार्श्वभूमीमुळे कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि गायकाचा चेहरा पांढराफटक पडतो. म्हणून चेहऱ्यावरच स्पॉट मीटरिंग करावे, म्हणजे फक्त तेवढ्याच भागाचा प्रकाश मोजावा. रात्रीसाठी मला ट्राय-एक्स ही आयएसओ ४००ची कृष्णधवल फिल्म १६०० पर्यंत पुश केलेली (म्हणजे १६००ची समजून फोटो काढून जास्त वेळ डेव्हलप केलेली) आवडते: सावल्यांतला तपशील जातो, कण ठळक होतात, पण निळ्या-जांभळ्या एलईडी दिव्यांत रंगीत फिल्मवर त्वचेच्या रंगाचा जो विचका होतो, तो टळतो. (अख्खा रोल १६०० वरच काढून डबीवर तसे लिहावे, लॅबला ते आपोआप कळत नाही.)

वातावरणच टिपायचे असेल, तर सरळ मंचाकडे पाठ करावी. पहिल्या रांगेत कठड्यावर हनुवटी टेकून गाण्याचे बोल पुटपुटणारे चेहरे मंचावरून येणाऱ्या प्रकाशातच उजळतात, आणि तेवढ्या अंतरावर ३५ मिमी लेन्स पुरते. उरलेले रोल मात्र तापलेल्या गाडीत ठेवू नयेत.