रिमूव्ह-प्रायव्हेट-एएस लावूनही ६५०२० बाहेर जातोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नाशिकमध्ये छोटी आयएसपी आहे, सातपूर-अंबड पट्ट्यात लीज लाइन देतो. स्वतःचा पब्लिक एएस (इंटरनेटवर नेटवर्कची ओळख सांगणारा नंबर), दोन अपस्ट्रीम (आम्हाला पुढचं इंटरनेट देणाऱ्या कंपन्या). राऊटर जुना आहे (हसू नका, मालक म्हणतात दिवाळीनंतर नवा घेऊ, कुठल्या दिवाळीनंतर ते सांगत नाहीत).

अंबडच्या एका ग्राहकाला ६५०१० हा प्रायव्हेट एएस (फक्त आतल्या वापराचा, बाहेर दिसू नये असा नंबर) दिलाय. दोन्ही अपस्ट्रीमच्या नेबरवर (समोरच्या राऊटरशी असलेल्या जोडणीवर) रिमूव्ह-प्रायव्हेट-एएस ही असे नंबर काढणारी कमांड आहे, त्यामुळे त्याचा रूट (त्याच्या पत्त्यांपर्यंतचा रस्ता) स्वच्छ जातो. भानगड सातपूरच्या ग्राहकाची. त्यांचा स्वतःचा पब्लिक एएस आहे आणि मागे सिन्नरचा कारखाना ६५०२० वर जोडलाय. त्या कारखान्याचा स्लॅश २४ (२५६ आयपी पत्त्यांचा गट) आमच्याकडे येताना पाथमध्ये (रूटसोबत येणारी वाटेतल्या एएस नंबरांची यादी) आधी त्यांचा पब्लिक नंबर, मग ६५०२०. आणि तस्साच पुढे बाहेर! परवापासून एका अपस्ट्रीमने तो रूट टाकून द्यायला सुरुवात केलीय. दुसरा अजून घेतो, म्हणून सिन्नर एका पायावर उभं आहे.

कमांड काढून परत लावली, सॉफ्ट क्लिअर आउट केलं (जोडणी न तोडता रूट परत पाठवले). ढिम्म. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
तुमचं चुकत नाहीये, जुनी कमांड अशीच वागते. पाथमध्ये नुसते प्रायव्हेट नंबर असले तरच काढते. एखादा जरी पब्लिक मिसळला तर हात लावत नाही. सिस्को राऊटरच्या नव्या आयओएसमध्ये पुढे 'ऑल' लावता येतं. त्यापुढे 'रिप्लेस-एएस' लावलं तर काढलेल्या नंबराच्या जागी तुमचा नंबर बसतो, पाथची लांबी तेवढीच राहते. तुमच्या डब्यात कमांडपुढे प्रश्नचिन्ह टाकून बघा.

पण खरं औषध सातपूरला. त्यांच्या राऊटरवर तुमच्या नेबरला हीच साधी कमांड लावायला सांगा. तिथे पाथमध्ये एकटा ६५०२० असतो, त्यांचा नंबर नंतर चिकटतो.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. शिवाय तुमच्या बाजूने इनबाउंड फिल्टर (आत येणारे रूट अडवणारी चाळणी) हवाच, सगळ्या प्रायव्हेट नंबरांसाठी: ६४५१२ ते ६५५३४, आणि ३२ बिटवाले ४२०००००००० ते ४२९४९६७२९४. लावायचा मात्र फक्त सातपूरच्या सेशनवर, नाहीतर अंबडचा बिचारा ६५०१० मरेल. आणि आधी सातपूरचं काम होऊ द्या. फिल्टर आधी लावलात तर सिन्नरचा उरलेला पायही जाईल.

धागाकर्ता
'ऑल' नाहीच आमच्याकडे. सातपूरच्या आयटीवाल्यांना फोनवर बसवून कमांड लावून घेतली. आत्ता लुकिंग ग्लासवर (बाहेरून आपला रूट कसा दिसतो ते दाखवणाऱ्या वेबसाइटवर) पाहिलं, पाथ त्यांच्या नंबरावर संपतोय, दोन्हीकडून. फिल्टर आज रात्री.

जाता जाता ते म्हणाले, "आमचा दिंडोरीचा प्लांट सिन्नरला दिसत नाही, तेवढं बघा ना." विचारलं तर तिथेही ६५०२० च! आपलाच नंबर पाथमध्ये दिसला की राऊटर लूप समजून रूट फेकणारच. १६ बिटवालेच १०२३ प्रायव्हेट नंबर आहेत हो, दुसरा घ्या म्हटलं.