मदत हवी आहे: 'एअरो-इंजिन' हा जुना माहितीपट कुठे मिळेल?

रीळवेडा: विमानाचं इंजिन कसं बनतं यावरचा 'एअरो-इंजिन' हा माहितीपट हवाय. यूट्यूबवर शोधलं की नुसती जेट इंजिनं येतात. घाई आहे. 'गूगल करा' म्हणणाऱ्यांनी कृपया पुढे सरकावं.

खट्याळ_बोका: कोणत्या सालचा? कोणाचा?

ओतशाळा: एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्स, सरकारी विमान कंपनी) असेल. आमचे काका तिथे, नाशिकजवळच्या ओझरला होते. मिग तिथे बनायचं, पण त्याचं इंजिन ओडिशातल्या कोरापूटहून यायचं.

रीळवेडा: एचएएल नाही हो! ब्रिटिश, १९३३ च्या आसपासचा. दिग्दर्शक आर्थर एल्टनचा.

सिनेपंडित: एल्टन नव्हे, फ्लॅहर्टी.

जुनी_रिळं: पंडितजी, फ्लॅहर्टीचा तो 'इंडस्ट्रियल ब्रिटन'. आणि त्यातलंही उरलेलं काम ग्रिअर्सन, एल्टन वगैरेंनी निस्तरलं. 'एअरो-इंजिन' एल्टनचाच. हे सगळे एम्पायर मार्केटिंग बोर्ड या ब्रिटिश सरकारी मंडळाच्या फिल्म युनिटमधले. १९३३ मध्ये बोर्ड गुंडाळलं आणि युनिट ब्रिटिश पोस्टखात्याकडे गेलं, म्हणून दोन्ही नावांखाली शोधा. धागाकर्ते, तुम्ही आहात कुठे? बीएफआय प्लेअर (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटची ऑनलाइन सिनेमा सेवा) भारतात चालत नाही.

रीळवेडा: सांगली.

खट्याळ_बोका: व्हीपीएन लावा, विषय संपला.

सिनेपंडित: पुण्यात लॉ कॉलेज रोडवर फिल्म अर्काइव्ह आहे, तिथे जा.

जुनी_रिळं: तिथला भर भारतीय सिनेमावर. आधी फोन करा, उगाच एसटीचं तिकीट वाया नको. बरं, नुसता बघायचाय की कुठे दाखवायचाय?

रीळवेडा: कॉलेजात. मेकॅनिकलच्या मुलांना, हॉलमध्ये, पुढच्या आठवड्यात.

जुनी_रिळं: हे पहिल्याच ओळीत सांगायचं ना! मग व्हीपीएन विसरा. लंडनच्या बीएफआयला ईमेल करून प्रत आणि दाखवण्याची परवानगी दोन्ही मागा. आठवड्यात उत्तर येईल या भरवशावर पत्रिका छापू नका.

ओतशाळा: मुलांना सिनेमा कशाला? जवळच्या फाउंड्रीत न्या. वाळूचा साचा स्वतः ठासल्याशिवाय सिलिंडर कसा ओततात ते कळत नाही.

रीळवेडा: फाउंड्री दरवर्षी दाखवतो, साहेब. यंदा ९० वर्षांपूर्वीचा कारखाना दाखवायचाय. ईमेल टाकतो आत्ताच.

सिनेपंडित: एल्टन पुढे शेल कंपनीच्या फिल्म युनिटमध्ये गेला. तिथले माहितीपटही बघा, छान आहेत.

खट्याळ_बोका: आत्ता एल्टन का?

नवा_सदस्य: १६ मिमी प्रोजेक्टरचा बल्ब कुठे मिळेल? इथे विचारू की नवा धागा काढू?