एकक-दशक पाठ आहे पण कळलेलं नाही, काय करू?

दुसरीला गणित शिकवते. ३४ मध्ये दशक किती विचारलं की अख्खा वर्ग ३ म्हणून ओरडतो, रकान्यातही सगळे बरोबर लिहितात, त्यामुळे मला वाटलं झालं हे. काल एका मुलीला ३४ काड्या मोजायला लावल्या, मग आकड्यातल्या ४ वर बोट ठेवून म्हटलं एवढ्या काड्या दाखव, तिने चार काढल्या. मग ३ वर बोट ठेवलं तर तिने तीनच काढल्या! उरलेल्या २७ काड्या बाकावर तशाच आणि तिला त्यात काही खटकलंही नाही. शिवाय एकशे पाच लिहा म्हटलं की निम्मी मुलं १००५ लिहितात. वर्गात काय घेता तुम्ही?

उत्तर १
दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आयते देता का? देत असाल तर बंद करा, आयता गठ्ठा म्हणजे मुलांसाठी फक्त एक जाड काडी. त्यांनाच दहा मोजून रबर लावू दे. मी जोडीत फासा देते, पडेल तेवढ्या काड्या घ्यायच्या, दहा झाल्या की बांधायच्या, आधी शंभरला पोचेल तो जिंकला. मग उलटा खेळ, शंभरापासून परत द्यायचं. हा उलटा खेळ अजिबात सोडू नका, कारण ३४ मधून ८ द्यायच्या आणि सुट्या चारच आहेत म्हटल्यावर मूल आपणच एक गठ्ठा सोडतं, २ गठ्ठे १४ सुट्या होतात, वजाबाकीत दशक सुटं करणं म्हणजे हेच की.

उत्तर २
१००५ चं म्हणाल तर मूल ऐकतं तसं लिहितं, शंभर लिहिलं, पुढे पाच. कार्डं करा, १०० चं लांब, १० चं मध्यम, ५ चं छोटं, उजवी कड जुळवून एकावर एक ठेवायची. ५ चं कार्ड शेवटच्या शून्यावर बसतं आणि १०५ समोर दिसतं, मधलं शून्य कुठून आलं तेही दिसतं.
आपल्या संख्यानावांचाही त्रास आहेच, चौतीसमध्ये चार आधी ऐकू येतो म्हणून काही मुलं ४३ लिहितात, आणि एकोणचाळीसमध्ये तर तीसही नाही नि नऊही नाही. मी काही दिवस दोन्ही म्हणून घेते, एकोणचाळीस म्हणजे तीन दहा आणि नऊ.

प्रश्नकर्ती
आयतेच देत होते गठ्ठे! उद्या सगळे सोडून काड्यांचा ढीगच ठेवते. रकाने कधी आणू मग?

उत्तर १
घाई नको. ३४ किती प्रकारे मांडता येतील विचारा. ३ गठ्ठे ४ सुट्या, २ गठ्ठे १४ सुट्या, १ गठ्ठा २४ सुट्या असं मुलं न सांगता मांडायला लागली की आणा.