भाचा म्हणतो, पत्ते खेळूनच पोट भरीन. तुमचं मत?

रावपुरेकर
भाचा बावीस वर्षांचा, इथेच बडोद्यात युनिव्हर्सिटीत शेवटच्या वर्षाला आहे. परवा जेवताना म्हणाला, नोकरी शोधणार नाही, मॅजिक द गॅदरिंगचा व्यावसायिक खेळाडू होणार. भाऊजींचा घास हातातच राहिला. "पत्ते कुटून पोट भरणार?" सातम-आठमला, म्हणजे जन्माष्टमीच्या दिवसांत, घराघरांत तीन पत्ती रंगते ना इथे, त्यामुळे पत्ते म्हटलं की थोरामोठ्यांच्या डोळ्यांपुढे दुसरं काही येतच नाही.

ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: १९९३चा अमेरिकन खेळ. हजारो प्रकारची कार्डं आहेत, त्यांतून निदान साठ कार्डांचा कॅट ज्याचा त्यानं बांधायचा. १९९६ पासून प्रो टूर नावाच्या स्पर्धा होतात. फेब्रुवारी २०२० मध्ये होनोलुलूला जागतिक स्पर्धा ब्राझीलच्या पाऊलो व्हिटर दामो दा रोझानं जिंकली, त्याला तीन लाख डॉलर मिळाले.

मी मामा, म्हणून असेल, पण मला वाटतं पोराला दोन वर्षं द्यावीत. हाणा आता.

हिशेबनीस
हाणतो. तीन लाख एकाला मिळाले. त्या स्पर्धेत उतरले सोळाच, आणि त्या सोळांत यायला धडपडणारे जगभर किती असतील? अमेरिकेचं तिकीट, व्हिसा, हॉटेल, हा खर्च वेगळाच. शिवाय या खेळाच्या स्टँडर्ड नावाच्या प्रकारात कार्डांचे जुने संच ठरावीक काळानं बाद होतात, म्हणजे परत कार्डं घ्या. भाऊजी बरोबर बोलले, फक्त 'कुटून' हा शब्द जरा जास्त झाला.

बायंडरवाला
मी कॉलेजात असताना सहा वर्षं खेळलोय, म्हणून बोलतो. हा जुगार नाही. सुरुवातीला हातात सात कार्डं येतात. त्यांत लँड दोनच. लँड म्हणजे बाकीची कार्डं खेळायला लागणारं इंधन समजा. हात ठेवायचा की बदलायचा? बदललात तर पुन्हा सात उचलायची, पण एक कार्ड कॅटच्या तळाशी सारायचं, म्हणजे सहावरच खेळ. समोरच्याचा कॅट वेगवान आहे का, पहिली चाल कोणाची, माझ्या साठात लँड किती, हे सगळं मनात फिरतं आणि बोटं उगाच कार्डांच्या प्लास्टिक स्लीव्हवर टकटक करत राहतात. एकदा मी लोभानं तसा हात ठेवला. चौथ्या फेरीपर्यंत तिसरी लँड आलीच नाही, दोन लँडवर बसून मार खाल्ला. घरी येताना नशिबाला शिव्या घातल्या. नंतर शांतपणे पाहिलं तर चूक माझीच होती.
नशीब आहेच, नाही कोण म्हणतंय? पण जॉन फिंकेल, काई बुड्डे ही नावं वर्षानुवर्षं वर येत राहिली. बुड्डेनं सात प्रो टूर जिंकल्या. एवढं नशीब कोणाचंच नसतं.

हिशेबनीस
आणि फिंकेल पुढे कुठे गेला? हेज फंडात, म्हणजे लोकांचे पैसे गुंतवायच्या धंद्यात. एवढं बोलून मी गप्प बसतो.

कारेलीबाग_ताई
कौशल्यावर वाद नाहीच हो दादा. दुखणं वेगळं आहे. मॅजिक काढणाऱ्या कंपनीनं २०१९ मध्ये बत्तीस खेळाडूंची लीग काढली, प्रत्येकाला वर्षाचे ७५ हजार डॉलर. पोरांना वाटलं, झाली पक्की नोकरी. मे २०२१ मध्ये जाहीर केलं, लीग बंद करतोय. यात कोण वाईट खेळलं होतं?
आपल्या गुजरातचंच बघा. भुजच्या तीर्थ मेहतानं २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत हार्थस्टोनमध्ये कांस्य मिळवलं. तोही कार्डांचाच खेळ, फक्त संगणकावरचा. प्रदर्शनी प्रकार, म्हणून पदकतालिकेत धरलं नाही. पुढच्या, हांगझोऊच्या स्पर्धेत हार्थस्टोन रीतसर यादीत होता. मग हार्थस्टोनच्या कंपनीचा चिनी भागीदाराशी करार संपला, २०२३च्या जानेवारीत तिथले सर्व्हर बंद झाले आणि खेळच यादीतून गळला. खेळाडू तयारीत बसलेला आणि खेळच गायब! कोणा कंपनीचा करार संपला म्हणून कुस्ती बंद पडल्याचं ऐकलंय कधी?

सूरसागर_काठ
ताई, राजाश्रय म्हटला की हे आलंच. फैयाज खाँसाहेब दरबारचेच गवई होते ना? विजय हजारेही बडोदा संस्थानच्या नोकरीत होते. १९४९ला संस्थान विलीन झालं, म्हणून कोणी गाणं किंवा क्रिकेट सोडलं का? आश्रय देणारा बदलतो, एवढंच. पोराला खेळू द्या.

कारेलीबाग_ताई
काका, तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटतंय. दरबार गेला तरी मैफली होत्या, रेडिओ होता. यमन राग काही गायकवाडांच्या मालकीचा नव्हता. इथे कार्ड छापणारी कंपनी तीच, नियम तिचे, कोणतं कार्ड बाद ते ती ठरवणार, बक्षीसही तीच देणार. उद्या तिनं स्पर्धा थांबवल्या तर पोरगा साठ कार्डं घेऊन कोणाच्या दारात उभा राहणार?

सूरसागर_काठ
हे मात्र खरं. यमनचं मला सुचलं नव्हतं.

बायंडरवाला
सगळे बक्षिसावरच जगतात असं नाही हं. कोणी लेख लिहितं, कोणी स्ट्रीमिंग करतं, शिकवण्या घेतं, कार्डांची खरेदी-विक्री करतं. बक्षीस ही वरकड कमाई. पण मग ते पोरगं खेळाडू कमी आणि दुकानदार जास्त होतं, हेही मान्य.

रावपुरेकर
भाच्याला सगळं वाचून दाखवलं. हेज फंडावर हसला. तीर्थ मेहताचं ऐकून मात्र बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मामा, कंपनीचं मला माहीत नव्हतं असं वाटतं का तुला?" परीक्षा देणार आहे, एवढं कबूल केलंय. पुढचं भाऊजींशी अजून बोललेला नाही.
ताई, तो विचारतोय, तुम्ही स्वतः कोणता कॅट खेळायचात?

कारेलीबाग_ताई
निळ्या-काळ्या कार्डांचा. त्याला सांगा, रविवारी सकाळी शेव-उसळ खायला येताना कॅट घेऊन ये. माझा मुलगाही मागे लागलाय, शिकव म्हणून.