मदत हवी आहे: स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस स्टॉकच (कंपनीने दिली तशी) ठेवू की रीमॅप (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) करू?

मंडळी, सेकंडहँड ऑक्टाव्हिया आरएस २३० घेतली आहे, २०१७ ची. दार लावलं की 'धप्प' असा भरीव आवाज येतो, त्यावरच जीव जडला. २ लिटर टर्बो पेट्रोल, २३० पीएस. अंधेरीच्या ट्रॅफिकमध्ये तेवढेही कुठे वापरता येतात म्हणा! तरी स्टेज १ (पार्ट न बदलता, फक्त सॉफ्टवेअरचा) रीमॅपची खुमखुमी आहेच. वाढलेला टॉर्क डीएसजी (ड्युअल-क्लच ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सला कितपत झेपतो?

गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग बाद, आत्ताच सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर गाडी तिरकी चढवावी लागते. मोठ्या आवाजाचा एक्झॉस्टही नको, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीतल्या बदलांवरचे निर्बंध) आणि आरटीओचं लचांड कोण मागे लावून घेणार? रीमॅप केलेल्यांनी इन्शुरन्सवाल्यांना कळवलंत का? क्लेम अडला का कुणाचा? आधी इंजिनचे लॉग (सेन्सरच्या नोंदी) तपासून मगच हात लावणारा ट्यूनर ठाणे-नवी मुंबईकडे असेल तर सुचवा.