पॅनेल आलं म्हणून पेढे वाटणाऱ्यांना एक प्रश्न

दोनखोल्या

परवा इथं एक पोस्ट फिरत होती. जिल्हा परिषदेच्या शाळेचा वर्ग, भिंतीवर ७५ इंची टच पॅनेल, त्याला झेंडूचा हार, पुढ्यात फोडलेला नारळ. सरपंचांपासून केंद्रप्रमुखांपर्यंत सगळे रांगेत उभे आणि मुलं फोटोच्या कडेला अर्धी कापलेली. खाली मजकूर: "गुरुजींचा खडू आता हद्दपार! खेड्यातलं पोर पुण्याच्या पोराच्या तोडीस तोड शिकणार. ज्या शिक्षकांना तंत्रज्ञान नको, त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घ्यावी." साडेचारशे अंगठे.

शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसले.

माझी शाळा द्विशिक्षकी. पट २८, चौथीपर्यंत. सोबतचे सर बीएलओ आहेत, म्हणजे मतदार याद्यांचं काम त्यांच्याकडे, त्यामुळे शाळा कधी एकशिक्षकी होईल सांगता येत नाही. २०१६ च्या आसपास सगळ्यांनाच डिजिटल शाळा व्हायचं होतं, तेव्हा आमच्या गावानं वर्गणी काढून प्रोजेक्टर घेतला. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनीसुद्धा शंभर-शंभर दिले. दीड वर्ष चालला, मग त्याचा दिवा गेला. नव्या दिव्याची किंमत ऐकून सरपंच म्हणाले, "बाई, एवढ्यात शेळी येते." तेव्हापासून तो कपाटात आहे. डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या रजिस्टरात, मात्र ठणठणीत आहे.

तंत्रज्ञान नको असं मी कधी म्हटलं? ते माझ्या शाळेत आहेच की. माझ्या मोबाइलमध्ये, माझ्या रिचार्जवर. सकाळी हजेरी ॲपवर. मग पोषण आहाराची नोंद. मग ज्यांचं आधार जुळत नाही त्यांची यादी. मग एखादी लिंक, "तात्काळ, आज १२ पर्यंत". पहिलीतलं पोर वही घेऊन शेजारी उभं असतं, "बाई, बघा की", आणि मी म्हणते, "थांब रे, ओटीपी येतोय."

मधल्या सुट्टीत पोरी शाळा-शाळा खेळतात. पूर्वी बाई झालेली पोरगी हातात छडी घ्यायची. आता ती फरशीचा तुकडा घेऊन बसते, त्यावर अंगठा फिरवते आणि म्हणते, "गप बसा रे, ओटीपी येतोय."

तंत्रज्ञानानं मूल जास्त शिकतं का, हे नंतर बघू. मुळात ते मुलासाठी आलंय का, तेवढं कुणी सांगा.

---

बाणेरकर

भावना पोचल्या. पण ताई, ओटीपीचा राग पॅनेलवर काढताय. एक प्रशासन, दुसरं अध्यापन. बँकेच्या रांगेला वैतागून कुणी पैसे कमवायचं सोडतं का?

पुरावाच हवा असेल तर आहे. दिल्लीत मुरलीधरन आणि इतर अर्थतज्ज्ञांनी माइंडस्पार्क या सॉफ्टवेअरची रीतसर चाचणी घेतली, २०१९ मध्ये शोधनिबंध आला. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत चांगला ठसठशीत फरक. आणि परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी? पुस्तकात क्यूआर कोड आणले, २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळवलं. तेही जिल्हा परिषदेचेच शिक्षक होते. करणारा करतो.

---

तिखटमीठ

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. या विषयावर शंभर प्रतिसाद नक्की.

---

निवृत्त_बीट

बाणेरकर, तो निबंध नुसता मथळा वाचून फेकू नका. त्यात मुलं शाळा सुटल्यावर केंद्रात यायची. आठवड्याला सहा दिवस, रोज दीड तास. निम्मा वेळ संगणक आणि निम्मा वेळ लहान गटाला माणूस शिकवायचा. दुसरं म्हणजे, ते सॉफ्टवेअर सातवीच्या पोराला सातवीचं शिकवत नव्हतं. त्याला जिथपर्यंत येतं तिथून पुढे नेत होतं. सातवीतलं पोर चौथीवर अडकलं असेल तर चौथीपासून.

७५ इंची पॅनेलवर चार इयत्तांना मिळून एकच व्हिडिओ लावणं हे याच्या बरोबर उलट झालं. औषध एकाचं, चिठ्ठी दुसऱ्याची.

मी शिक्षण विस्तार अधिकारी असताना साताऱ्याचं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, बघायला शिक्षकांच्या गाड्या भरून न्यायचो. तिथं काय होतं? फरशीवर आखलेले तक्ते, खडे, बिया, काड्यांचे गठ्ठे. पोरं स्वतः दशक सुटे मोजत होती. वीज गेली तरी गणित चालू.

---

झेडपीचा_पोरगा

आलं का कुमठे. साहेब, तुमच्या त्या गाड्या परत आल्यावर आमच्या तालुक्यात तोंडी फर्मान निघालं की सगळ्यांनी फरशा रंगवा. रंग शिक्षकांच्या खिशातून. दोन पावसाळ्यांत रंग उडाला, पोरानं स्वतः करून शिकायचं तो ज्ञानरचनावाद पण उडाला. आज पॅनेल, तेव्हा ऑइलपेंट. वरून आलं की कशाचंही तेच होतं.

---

निवृत्त_बीट

फर्मान मी काढलं नव्हतं.

---

झेडपीचा_पोरगा

तपासायला मात्र तुम्हीच यायचा.

---

फेज_न्यूट्रल

अवांतर होईल पण विचारतो. या ७५ इंचाला लाइट कोण देतं? मूळ पोस्टच्या फोटोत डाव्या बाजूला मीटरची पेटी उघडी आहे आणि त्यात मीटरच नाही. झूम करून बघा.

---

दोनखोल्या

दंडवत घ्या! मी दहा वेळा तो फोटो पाहिला, मला नाही दिसलं.

आमची कथा ऐका. बिल ग्रामपंचायतीकडे नेलं की म्हणतात, शाळा जिल्हा परिषदेची. वर विचारलं की म्हणतात, सादिलमधून, म्हणजे किरकोळ खर्चाच्या अनुदानातून, भरा. सादिल कधी येतो, किती येतो, ते विचारू नका. समग्र शिक्षा योजनेचं संयुक्त अनुदान तीसपर्यंतच्या पटाला वर्षाला १०,००० रुपये. त्यात खडू, झाडू, फिनेल, रजिस्टरं, छपराचा फुटलेला पत्रा, २६ जानेवारीचा चुना आणि बिल. मे महिन्यात शाळेला कुलूप असतं तरी बिल येतं!

---

कोकणी_फणस

आमच्याकडे तर व्यापारी दरानं बिल येतं म्हणे. शाळा म्हणजे काय दुकान आहे?

---

फेज_न्यूट्रल

"म्हणे" वर जाऊ नका. मी तीस वर्षं खांबावर चढलोय. सरकारी शाळा व्यापारी गटात नसतात, 'सार्वजनिक सेवा' असा वेगळा गट आहे. घरगुतीपेक्षा वेगळा, व्यापारीपेक्षाही वेगळा. बिलावर 'दर संकेत' म्हणजे कुठल्या गटाचा दर लागतो ते लिहिलेलं असतं, ते वाचा. मे महिन्यातलं बिल म्हणजे स्थिर आकार, तो युनिट शून्य असलं तरी लागतोच. जुन्या जोडणीला चुकीचा संकेत पडलेला असू शकतो, अर्ज केला की बदलतो.

---

कोकणी_फणस

अर्ज केला की बदलतो! हे वाक्य फ्रेम करून शाळेत लावतो. आमच्या हेडसरांनी दोनदा केला. दुसऱ्या वेळी पहिल्या अर्जाची पोच मागितली.

---

फेज_न्यूट्रल

पोच घ्यायची नाही आणि खात्याला शिव्या द्यायच्या. मास्तर लोकांचं हेच.

---

झेडपीचा_पोरगा

सौर पॅनेल लावा ना मग, प्रश्न मिटला.

---

कोकणी_फणस

लावलं होतं. बॅटऱ्या दिवाळीच्या सुट्टीत चोरीला गेल्या. वरच्या काचेवर शेजारच्या काकू आता आंबोशी वाळवतात. तेवढाच सौर ऊर्जेचा वापर.

---

माल्मोची_मावशी

बिलाची चर्चा संपली असेल तर बोलू का? इथं स्वीडनमध्ये २०२३ साली सरकारनंच मान्य केलं की शाळेत पडद्यांचा अतिरेक झाला, आणि छापील पुस्तकांसाठी ६८.५ कोटी क्रोनर दिले. माझ्या मुलीच्या वर्गात टॅब्लेट मागे गेले, पुस्तकं पुन्हा आली. मुलीचं हस्ताक्षर सुधारलं. भारतात मात्र आपण जग सोडून देतंय ते उचलतोय.

---

मेळघाटी_मास्तर

मावशी, तुमच्या मुलीकडे सोडायला टॅब्लेट होता. माझ्या वर्गात पुस्तकही परक्या भाषेतलं आहे.

मी धारणी तालुक्यात आहे. पहिलीला येणारं पोर कोरकू बोलतं. मी वऱ्हाडी माणूस. पहिल्या दिवशी पाण्याच्या माठाकडे बोट दाखवून "पाणी" म्हणालो, पोरं एकमेकांकडे बघून हसली. त्यांच्याकडे पाण्याला 'दा' म्हणतात. दोन महिने पोरं माझ्याशी बोललीच नाहीत, मी समजायचो पोरं मंद आहेत. लाज वाटते आता लिहायला.

मग एक साधा, हाताएवढा ब्लूटूथ स्पीकर आणला, माझ्या पैशानं. एका पोराच्या आजीच्या घरी बसून तिच्याकडून गोष्टी मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. वर्गात लावल्या. पोरांनी आजीचा आवाज ओळखला आणि वर्गात पहिल्यांदा गलका झाला. मग चौथीतल्या पोरीनं तीच गोष्ट मराठीत सांगितली, ती पण रेकॉर्ड केली. आधी कोरकू, मग मराठी, मग फळ्यावर त्यातले चार शब्द. दिवाळीपर्यंत पोरं मला कोरकू शिकवायला लागली आणि माझ्या चुकांवर हसायला लागली. इंटरनेट नाही, ॲप नाही, स्पीकर चार्ज करायला घरी न्यायचो.

तेव्हा बाई, तंत्रज्ञान मुलासाठी आलंच नाही असं सरसकट म्हणू नका. आलं नसेल तर आपण आणावं लागतं.

---

बाणेरकर

मास्तर, हेच मी पहिल्यापासून सांगतोय! इच्छा असली की होतं. बाकीचे सातव्या वेतन आयोगाचा पगार घेऊन दिव्याच्या नावानं रडत बसतात. आणि एक विचारू का, या धाग्यावरच्या किती शिक्षकांची स्वतःची मुलं झेडपीत आहेत?

---

दोनखोल्या

माझी मुलगी चौथीपर्यंत माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात होती. घरी आई आणि शाळेत बाई म्हणायची, एकदा चुकून वर्गात आई म्हणाली तर दिवसभर रडली. तुमची कुठल्या शाळेत आहेत हे मी विचारणार नाही, कारण बाणेर म्हटल्यावर अंदाज येतो. पगार काढताय तर तोही हिशेब घ्या: रिचार्ज माझा, प्रिंट माझी, तालुक्याला हेलपाटा माझा. तुमच्या ऑफिसात लॅपटॉप कोण देतं हो? घरून नेता का?

---

बाणेरकर

लगेच अंगावर यायची गरज नव्हती. प्रश्न सगळ्यांना होता.

---

तिखटमीठ

बाणेरकर, इनो घ्या.

---

संपादक मंडळ

वैयक्तिक शेरेबाजी नको. वेतन आयोगावर वेगळा धागा आधीच आहे, तिथं जा.

---

कृष्णाकाठ

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावचा भोंगा कुणी आणला नाही अजून? २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, गावात टीव्ही-मोबाइल बंद, साडेआठपर्यंत पोरं अभ्यासाला. कारण कोरोनात पोरांच्या हातात फोन आपणच दिला आणि मग तो परत घेता येईना. 'असर' या शिक्षणाच्या पाहणीचा २०२४ चा अहवाल बघा: १४ ते १६ वयाची ज्या मुलांना फोन वापरता येतो, त्यांच्यापैकी आठवडाभरात अभ्यासासाठी वापरणारी देशात ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्के.

---

झेडपीचा_पोरगा

५७ पण काही कमी नाही की. आमच्या वेळी गाईड हातात धरणारी ५७ टक्के नव्हती.

---

बाणेरकर

बरं, लिहून देतो: पॅनेल म्हणजे शिक्षण नव्हे. निवृत्त_बीट म्हणतात तो मुलाच्या पातळीचा मुद्दा मी वाचला नव्हता, आता वाचला, बरोबर आहे. पण मग मागणी तशी करा ना. पॅनेल नको, त्याच पैशात दहा टॅब्लेट आणि एक माणूस द्या म्हणा. नुसतं "नको" म्हणून काय होणार? आता मलाही एक ओटीपी पाठवा म्हणजे सुटलो.

---

निवृत्त_बीट

मागणी कुठं करायची? पॅनेल येणार हे शाळेला टेम्पो दारात आल्यावर कळतं. माझ्या काळातही असंच होतं. तेव्हा मी टेम्पोच्या बाजूला उभा असायचो, हे झेडपीचा_पोरगा म्हणतो ते खरं आहे.

---

मेळघाटी_मास्तर

बाई, एक विचारायचं राहिलं. ऊसतोडीला गेलेल्या तुमच्या पोरांचं काय होतं? दिवाळीला जातात ती एप्रिलला येतात ना? फडावर आईबापांकडे फोन असेलच.

---

दोनखोल्या

तुम्ही नेमकं तेच विचारायला हवं होतं का?

असतो. गेल्या हंगामात आठ पोरं गेली, पैकी दोन घरांत टचचा फोन. दुसरीतल्या एका पोरीला रोज रात्री एक छोटी गोष्ट वाचून आवाजाचा निरोप पाठवायचे. ती सोबत नेलेल्या पुस्तकात बोट ठेवून ऐकायची, मग तीच गोष्ट वाचून मला पाठवायची. मागून बैलांच्या घुंगरांचा आवाज. परत आली तेव्हा जोडाक्षरं येत होती. ज्या सहा घरी साधा फोन होता त्यांची पोरं मात्र जिथं सोडली त्याच्याही मागे गेली होती.

हे वर लिहिलं नाही, कारण मग धागा कमजोर झाला असता. झाला आता. पण ऐका, ते मी रात्री करायचे, घरी, ॲप बंद झाल्यावर. शाळेच्या वेळात तो फोन माझा नसतोच.

तुमच्या आजीच्या गोष्टींची पद्धत सविस्तर लिहा. आमच्याकडे दोन घरं लमाणी बोलतात.

---

मेळघाटी_मास्तर

लिहितो. शनिवारी. नेटवर्क टेकडीवर येतं.

---

कोकणी_फणस

आणि त्या दर संकेताचं काय ठरलं?

---

फेज_न्यूट्रल

तुम्ही आणि बाई, दोघांनी बिलाचा फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ग्राहक क्रमांक इथं उघड्यावर टाकू नका. बघून सांगतो अर्जात काय लिहायचं. पोच घ्या यावेळी.

---

दोनखोल्या

व्यनि केला. फोटो जरा पांढरा आलाय, फ्लॅश मारावा लागला. वर्गात लाइट नव्हती.